वेगळी पंगत नको: मराठी चित्रपट पुरस्कारांचे आयोजक आणि परीक्षक यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

राज्य सरकारचे पुरस्कार असोत, वर्तमानपत्रांचे असोत, चॅनेलांचे असोत नाहीतर एखाद्या संस्थेचे, जिथून जिथून मराठी चित्रपटाला पुरस्कार मिळतो तिथल्या सगळ्यांना मिळून हे एकच पत्र लिहितोय. मी चित्रपटसृष्टीतला नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत शिकवतो, चित्रपट बघायचं वेड आहे, आणि गेली चार-पाच वर्षं एक गोष्ट मनात खदखदतेय ती आता लिहूनच टाकतो.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. जो चित्रपट थेट ओटीटीवर, म्हणजे नेटफ्लिक्स-प्राइमसारख्या ॲपवर, आला त्याला तुमच्या मुख्य पुरस्कारांत, म्हणजे सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, अभिनय, पटकथा, सगळ्यात, थिएटरवाल्या चित्रपटांच्या शेजारी बसू द्या. थिएटरची अट घालून त्याला दाराबाहेर ठेवू नका आणि "ओटीटी विभाग" म्हणून वेगळ्या पंगतीलाही बसवू नका.

आता हे का, ते जरा सविस्तर.

आमच्या गावात एक टॉकीज होती. मी लहानपणी तिथेच सगळं बघितलं, बाकड्यावर बसून, मध्ये रीळ बदलताना शिट्ट्या मारून. ती बंद पडली आणि तिथे आता मंगल कार्यालय आहे. आत गेलात तर मागच्या भिंतीत वरच्या बाजूला दोन चौकोनी भोकं अजून तशीच दिसतात, प्रोजेक्टरचा उजेड ज्यातून यायचा ती, आणि आता लग्नात व्हिडिओ शूटिंगवाले त्यातून वायर खाली सोडतात. पडदा जिथे होता तिथे वधू-वरांचं स्टेज. मी दर लग्नात जेवणाच्या आधी एकदा मान वळवून त्या भोकांकडे बघतोच, सवयच लागलीय.

म्हणजे आमच्यासाठी थिएटर म्हणजे जिल्ह्याचं ठिकाण, जायला साठ किलोमीटर आणि यायला साठ. दोन वर्षांपूर्वी एक मराठी चित्रपट बघायचा म्हणून मी आणि बायको रविवारी सकाळच्या एसटीने गेलो, कारण शो होता सकाळी साडेनऊचा आणि दिवसभरात तो एकच होता. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, सर तुम्ही दोघंच आहात, किमान पाच-सहा तिकिटं गेली तरच शो लावतो, दहा मिनिटं थांबून बघा. आम्ही दहा मिनिटं थांबलो, मग वीस मिनिटं थांबलो, कोणी आलं नाही, त्याने पैसे परत दिले. त्याचा काही दोष नव्हता, चांगला बोलत होता बिचारा. पुढच्या शुक्रवारी तो चित्रपट तिथून उतरला. कागदावर तो "थिएटरमध्ये प्रदर्शित झालेला मराठी चित्रपट" आहे, माझ्या जिल्ह्यातसुद्धा प्रदर्शित झाला अशी नोंद असणार, आणि मी भाडं खर्चून दारापर्यंत जाऊन तो बघू शकलो नाही.

आता दुसरी बाजू सांगतो. मे 2021. दुसरी लाट. थिएटरं एप्रिलपासून बंद होती, ती ऑक्टोबरमध्ये उघडली. त्या दिवसांत दिग्दर्शिका सुमित्रा भावेंचा 'दिठी' सोनीलिव्ह या ओटीटीवर आला, 21 मेला. सुमित्राताई 19 एप्रिलला गेल्या होत्या. म्हणजे जिने आयुष्यभर मराठीत इतकं मोलाचं काम केलं त्या बाईंचा चित्रपट त्या गेल्यावर महिनाभराने आला आणि तो ओटीटीवर आला, दुसरीकडे कुठे येणं शक्यच नव्हतं. दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा आहे. रामजी लोहार, तीस वर्षं वारी केलेला माणूस, तरणाताठा मुलगा पुरात गेलाय, आणि मग ती अडलेली गाय. किशोर कदमांनी केलेला रामजी ज्यांनी बघितलाय त्यांना मी वेगळं काय सांगणार.

आमच्या आबांना मी तो दाखवला. आबा म्हणजे माझे वडील, तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे, भजनात पखवाज वाजवतात, आणि त्याच्या आदल्या वर्षी वारी झाली नव्हती म्हणून वर्षभर घरात गप्पगप्पच असायचे. टीव्हीला मोबाईलचं नेट जोडलं होतं. पाऊस लागला चित्रपटात तसं त्यांनी मला पंखा बंद करायला लावला, मे महिन्यात, कारण पंख्याच्या आवाजात पाऊस नीट ऐकू येईना. मध्ये दोनदा नेट अडकलं आणि चित्र थांबलं, तर मी रिमोटशी खटपट करतोय आणि आबा त्या थांबलेल्या चेहऱ्याकडेच बघत बसलेले, म्हणाले राहू दे, येईल ते. संपल्यावर ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले, तासाभराने आत आले आणि पखवाजाला कणिक लावायला घेतली. कित्येक महिन्यांनी घेतला होता हातात.

हे मी भावनेला हात घालायला लिहीत नाहीये. माझा प्रश्न सरळ आहे, त्या दिवशी आमच्या घरात आबांनी जे बघितलं तो चित्रपट होता की नव्हता? आणि ज्या शोला आम्ही दोघं दारात उभे राहून परत आलो त्याच्यामुळे तो दुसरा चित्रपट जास्त चित्रपट ठरतो का?

'दिठी'च्या तीन आठवडे आधी, 30 एप्रिलला, चैतन्य ताम्हाणेचा 'द डिसायपल' नेटफ्लिक्सवर आला होता. व्हेनिस चित्रपट महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत 2020 मध्ये गेलेला, 2001 नंतर तिथे पोचलेला पहिला भारतीय चित्रपट, सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार आणि समीक्षकांचा फिप्रेस्की पुरस्कार दोन्ही घेऊन आलेला, अख्खा मराठी माणसांचा, शास्त्रीय गाण्यावरचा चित्रपट. त्यातला नायक, गाणं शिकणारा शरद, रात्री मोकळ्या रस्त्यावरून गाडीवर चाललेला असतो आणि कानात माईंचा, त्याच्या गुरूंच्या गुरूंचा, आवाज चालू असतो, तो आवाज सुमित्रा भावेंचाच. आपण तो ऐकला तेव्हा त्यांना जाऊन अकरा दिवस झाले होते. तर अशा दोन चित्रपटांना जर उद्या कोणी नियमावर बोट ठेवून म्हणालं की तुमच्याकडे थिएटर रिलीजची तारीख नाही सबब प्रवेशिका बाद, तर मराठी चित्रपटाचा त्या वर्षीचा हिशेब कुणी लिहायचा आणि काय लिहायचा?

तुम्ही म्हणाल तो कोविडचा काळ होता, अपवाद होता, ऑस्करवाल्यांनीसुद्धा त्या वर्षापुरता नियम सैल केला होता. खरंय. पण तुमच्याकडचा अपवाद संपला तो शहरांत संपला. ऑक्टोबर 2021 मध्ये थिएटरं उघडली तेव्हा आमच्या तालुक्यात काहीच उघडलं नाही, कारण उघडायला काही नव्हतंच. आम्ही त्या आधीही ओटीटीवर, यूट्यूबवर, केबलवर बघत होतो आणि आजही तसंच बघतो.

आता बाहेर काय चाललंय ते जरा बघू, कारण या विषयावर बोलताना आपल्याकडे लगेच ऑस्कर आणि फ्रान्समधल्या कान महोत्सवाचं नाव निघतं.

कानमध्ये 2017 साली नेटफ्लिक्सचे दोन चित्रपट स्पर्धेत घेतले आणि फ्रान्समधल्या थिएटरवाल्यांनी आकाशपाताळ एक केलं, त्यातल्या 'ओकजा'च्या वेळी तर पडद्यावर कंपनीचं नाव आल्याबरोबर हुर्यो झाली. पुढच्या वर्षापासून नियम आला की स्पर्धेत यायचं तर फ्रान्समध्ये थिएटरला लागलंच पाहिजे. आणि फ्रान्समध्ये तेव्हा कायदा असा की थिएटरला लागलेला चित्रपट अशा सबस्क्रिप्शनच्या ओटीटीवर यायला छत्तीस महिने थांबायचं. तर नेटफ्लिक्सने कानला रामराम केला. त्याच वर्षी आल्फोन्सो कुआरोनचा 'रोमा', नेटफ्लिक्सचाच, व्हेनिसला गेला आणि तिथला सर्वोच्च गोल्डन लायन घेऊन आला, मग ऑस्करला दहा नामांकनं, त्यातले तीन पुरस्कार, दिग्दर्शनाचासुद्धा. हाच कुआरोन पुढे 'द डिसायपल'चा कार्यकारी निर्माता. म्हणजे व्हेनिसने दार उघडं ठेवलं, त्याच दारातून दोन वर्षांनी आपला मराठी चित्रपटही आत गेला. कानचं मी समजू शकतो, फ्रान्समध्ये थिएटर जगवायला तिकिटावर कर लावून त्यातून चित्रपटांना पैसा देतात, गावागावात पडदे आहेत, त्यांच्याकडे राखायला काहीतरी शिल्लक आहे. आपण त्यांचा नियम तेवढा उचलायचा आणि त्यामागची व्यवस्था नाही, हे बरोबर नाही.

ऑस्करचं वेगळं. स्पीलबर्गसारख्या मोठ्या दिग्दर्शकाने 2018 मध्ये जाहीर बोलून दाखवलं होतं की टीव्हीसाठी केलेल्या चित्रपटाने एमी, म्हणजे तिकडचा टीव्हीचा पुरस्कार, घ्यावं, ऑस्कर नाही. त्यांनी एवढं आयुष्य पडद्यासाठी घातलंय, त्यांच्या बोलण्यामागचं दुखणं खोटं नाही. पण त्यानंतर चारच वर्षांत, मार्च 2022 मध्ये, 'कोडा' हा ॲपलचा चित्रपट सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. ऑस्करच्या नियमात थिएटरची अट आहे, सलग सात दिवस, रोज किमान तीन शो आणि त्यातला एक संध्याकाळी सहा ते दहाच्या मध्ये सुरू होणारा. आणि 2024 च्या चित्रपटांपासून त्यांनी ती आणखी कडक केली, सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी यायचं असेल तर त्या सात दिवसांनंतर अमेरिकेतल्या पहिल्या पन्नास बाजारपेठांपैकी दहा ठिकाणी आणखी सात दिवस दाखवा.

आता ही अट नीट बघा, माझा सगळा मुद्दा इथे आहे. ही अट नेटफ्लिक्सला अडवते का? ॲपलला अडवते का? नाही अडवत, त्यांच्याकडे पैसा आहे, ते आठवडाभरासाठी थिएटर भाड्याने घेतात, अट पूर्ण करतात आणि मोकळे होतात. ही अट अडवते ती ज्याच्याकडे आठवड्याचं भाडं नाही त्याला. मराठीत ही अट कुणाला अडवणार सांगा? ज्याच्यामागे मोठा स्टुडिओ किंवा चॅनेल आहे त्याला नाहीच. ज्याने घर गहाण ठेवून, मित्रांकडून, गावातल्या माणसांकडून पैसे गोळा करून चित्रपट केला, ज्याला डिजिटल प्रोजेक्शनचे पैसे वेगळे भरायचेत, पोस्टर छापायचेत, प्रमोशनला कलाकारांना घेऊन गावोगाव फिरायचंय, आणि एवढं करून त्याला शो मिळणार सकाळी साडेनऊचा. त्याला जर एखादा ओटीटीवाला म्हणाला की इतके पैसे घे आणि चित्रपट आमच्याकडे दे, तर तो देणार, द्यावाच लागेल त्याला. आणि मग आपण त्याला सांगायचं की आता तुला पुरस्काराला उभं राहता येणार नाही.

शो मिळत नाहीत ही काही मी घरबसल्या काढलेली तक्रार नाही. 2015 च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारला निर्णय घ्यावा लागला होता की मल्टिप्लेक्सने प्राइम टाइममध्ये मराठी चित्रपट दाखवलाच पाहिजे, आधी संध्याकाळी सहा ते नऊ म्हणाले, त्यावर केवढा वाद झाला, मग तो दुपारी बारा ते रात्री नऊ असा सैल झाला. 2023 मध्ये भाऊराव कऱ्हाडेंसारख्या, 'ख्वाडा' आणि 'बबन' केलेल्या दिग्दर्शकाला 'टीडीएम'ला शो मिळेनात म्हणून चित्रपट मागे घेऊन पुन्हा नव्याने लावावा लागला. नाव असलेल्या माणसाची ही गत तर पहिलाच चित्रपट केलेल्या पोरापोरींचं काय. आपल्याकडे थिएटर मिळणं ही गुणवत्तेची परीक्षा नाहीये, ती वेगळ्याच गणितावर ठरते, त्या शुक्रवारी हिंदीत कोण येतंय, साउथचं काय येतंय, त्यावर. आणि जी गोष्ट गुणवत्तेवर ठरत नाही तिला गुणवत्तेच्या पुरस्काराची पहिली पायरी करायची हे मला पटत नाही, कितीही विचार केला तरी पटत नाही.

बरं, याचं उत्तर आपल्या देशातच आहे आणि ते कधीच देऊन झालंय. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार. तिथे मुख्य कसोटी आहे त्या वर्षातलं सेन्सॉर सर्टिफिकेट. तो थिएटरला किती दिवस होता यावर तिथे निकाल ठरत नाही. म्हणूनच 2020 च्या नोव्हेंबरमध्ये थेट प्राइम व्हिडिओवर आलेला तमिळ 'सूराराई पोट्रू' 68 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, सूर्याला अभिनेत्याचा, अपर्णा बालमुरलीला अभिनेत्रीचा, पटकथेचा, पार्श्वसंगीताचा, असे पाच पुरस्कार. त्याच वर्षी आपल्या 'जून'साठी सिद्धार्थ मेननचा विशेष उल्लेख झाला, तो चित्रपट प्लॅनेट मराठीवर आलेला. पुढच्या वर्षी 'सरदार उधम' सर्वोत्कृष्ट हिंदी, प्राइमवरचा. त्याच वर्षी ओटीटीवरच्याच 'मिमी'साठी क्रिती सॅननला आणि पंकज त्रिपाठींना अभिनयाचे पुरस्कार, आणि तो चित्रपट मुळात आपल्याच समृद्धी पोरेंच्या 'मला आई व्हायचंय' वरून केलेला. नंतर 'गुलमोहर', मग 'कटहल'. आता ओळीने इतकी वर्षं ओटीटीवरचे चित्रपट राष्ट्रपतींच्या हस्ते दिल्या जाणाऱ्या पुरस्कारांत मानाने येतायत आणि त्याने राष्ट्रीय पुरस्काराची शान कमी झाली असं कोणी म्हणाल्याचं मी तरी ऐकलं नाही. फिल्मफेअरनेसुद्धा 2022 मध्ये 'शेरशाह'ला सर्वोत्कृष्ट चित्रपट दिला, प्राइमवर आलेला होता तो.

आता वेगळ्या पंगतीबद्दल. काही जण म्हणतील, अहो मग ओटीटीसाठी स्वतंत्र पुरस्कार काढलेत की, तिथे या. वेब सिरीजसाठी वेगळा पुरस्कार असणं मला पूर्ण मान्य आहे, कारण ती चीजच वेगळी आहे, सहा-आठ भागांत सांगायची गोष्ट वेगळी बांधावी लागते. गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवाने 2023 पासून वेब सिरीजचा पुरस्कार सुरू केला आणि 2024 मध्ये तो निपुण धर्माधिकारीच्या 'लंपन'ला मिळाला, प्रकाश नारायण संतांचा लंपन, मराठी सिरीज, सगळ्या देशातल्या सिरीजमध्ये पहिली आली तेव्हा मी शाळेत पेढे वाटले होते. ते योग्यच आहे. पण दोन तासांचा चित्रपट हा दोन तासांचा चित्रपटच असतो हो. त्याला कॅमेरामन तोच लागतो, संकलक तोच, नट तेच, साउंडवाला तोच. तो चित्रपट शूट होताना, एडिट होताना, कित्येकदा पूर्ण तयार झाल्यावरही तो कुठे लागणार हे करणाऱ्यालाच माहीत नसतं. मग शेवटी कुठल्या कागदावर सही झाली त्यावरून त्याची जात बदलायची? एक चित्रपट, तोच दिग्दर्शक, थिएटर मिळालं असतं तर मुख्य विभागात आणि नाही मिळालं तर शेवटी घाईघाईत वाचून दाखवायच्या यादीत. वेगळी पंगत म्हटली की वाढपी शेवटी येतो आणि आमटी पातळ झालेली असते, हे आपल्या सगळ्यांना माहितीये.

आणि आपल्या सिनेमाचा इतिहास बघा ना. 3 मे 1913 ला गिरगावात कोरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा चित्रपट लागला ते खरं, पण मराठी मुलखाने सिनेमा बघितला तो फक्त पक्क्या थिएटरात बघितलाच नाही. जत्रेत बघितला, तंबूत बघितला. आबा सांगतात, ट्रकमधून प्रोजेक्टर यायचा, दुपारी तंबू लागायचा, पाल एकीकडून उडायचं तर पोरं धरून ठेवायची, पडद्याच्या मागच्या बाजूला बसलं तरी चालायचं, फक्त अक्षरं उलटी दिसायची. त्या तंबूत बघितलेल्या चित्रपटाला कोणी दुय्यम म्हटलं नाही. गणपतीत रस्त्यावर पांढरा कपडा बांधून बघितला, दूरदर्शनवर दर आठवड्याला अख्खी गल्ली एका घरात बसून बघितला. सिनेमा माणसांपर्यंत जसा पोचेल तसा पोचत आलाय.

थिएटरची बाजू मला कळत नाही असं समजू नका. 2016 मध्ये 'सैराट' मी तीनदा थिएटरात बघितला, दोन वेळा गाण्याला लोक खुर्च्यांवरून उठून पडद्याजवळ जाऊन नाचले, आणि शेवटाला तेच लोक, चारशे माणसं, एकाचाही आवाज नाही, दिवे लागले तरी कोणी उठेना. ते घरी होणं शक्य नाही, मला पक्कं माहितीये. थिएटर जगलंच पाहिजे. पण त्यासाठी पडदे वाढवावे लागतील, तालुक्याला छोटी थिएटरं काढावी लागतील, तिकीट कमी ठेवावं लागेल, शोची वेळ माणसांची ठेवावी लागेल. पुरस्काराच्या अर्जात एक अट टाकून थिएटर जगत नाही. त्या अटीने फक्त आधीच मार खाल्लेल्या चित्रपटाला आणखी एक फटका बसतो.

अजून एक गोष्ट, जिच्याकडे फार कमी लोक बघतात. थिएटरला लागलेल्या चित्रपटाला निदान पोस्टर असतं, हाउसफुलचा बोर्ड असतो, आकडे येतात, पडला तरी पडला म्हणून कळतं. ओटीटीवरच्या मराठी चित्रपटाचं कोणाला काही कळत नाही. किती लोकांनी बघितला ते कंपनी सांगत नाही, ॲप उघडलं की हिंदी-इंग्रजीच्या दहा ओळी खाली जाऊन तो सापडतो, आपल्याला नावाने शोधावा लागतो आणि शोधायला आधी नाव माहीत पाहिजे. अशा चित्रपटाला लोकांपर्यंत न्यायला पुरस्कार हीच एक मोठी हाक उरते. तुम्ही नामांकन जाहीर केलं की त्या रात्री माझ्यासारखे शेकडो लोक तो शोधून बघतात. ज्याला त्या हाकेची सगळ्यात जास्त गरज आहे त्यालाच ती नाकारू नका.

आता ओटीटीवाल्यांना मोकळं सोडा असं माझं मुळीच म्हणणं नाही. उलट दार उघडताना तुम्ही त्यांच्याकडून काही गोष्टी मागून घ्या, आणि या अटी खरंच उपयोगाच्या आहेत. सेन्सॉर सर्टिफिकेट हवंच, ओटीटीला ते कायद्याने लागत नाही, 2021 च्या नियमांप्रमाणे ते स्वतःच वयाचे गट लावतात, पण पुरस्काराला यायचं तर सर्टिफिकेट घेऊन या, म्हणजे सगळ्यांना एकच माप. मग चित्रपटाची चांगली, पूर्ण दर्जाची प्रत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जमा करा. ही दुसरी अट मला फार महत्त्वाची वाटते. मागे एका छोट्या ॲपचे मी वर्षाचे पैसे भरले होते, दोन मराठी चित्रपट त्याच्यावरच होते, दुसरीकडे कुठेही नाहीत. एक दिवस ॲप उघडेचना, नंतर कळलं बंद झालं. पैसे गेले त्याचं सोडा, ते दोन चित्रपट आज मला कुठे बघायला मिळत नाहीत, आणि मी ज्यांना ज्यांना "बघा बघा" म्हणून सांगितलं त्यांनाही मिळत नाहीत. 'आलम आरा', आपल्या देशातला पहिला बोलपट, 1931 चा, त्याची एक प्रिंट आज कुठे शिल्लक नाही. शंभर वर्षांपूर्वी फिल्म जळायची, कुजायची म्हणून जायचं, आज एक सर्व्हर बंद केला की जातं. पुरस्कार देणाऱ्यांनी प्रत मागितली तर निदान एवढं तरी टिकेल.

आणि तिसरी गोष्ट परीक्षकांकडून हवीये. ओटीटीचा असो की थिएटरचा, कृपा करून चित्रपट मोबाईलवर लिंक उघडून, मधले मधले भाग पळवत बघू नका. सगळे मिळून अंधारात, मोठ्या पडद्यावर, एका बैठकीत बघा. 'द डिसायपल'सारख्या चित्रपटात एकेक शॉट किती वेळ थांबतो, तानपुऱ्याचा आवाज कसा भरून राहतो, ते फोनच्या स्पीकरवर काय कळणार. थिएटरचा जो मान तुम्हाला राखायचाय तो तुमच्या बघण्यात राखा, म्हणजे थिएटर न मिळालेल्या चित्रपटालाही निदान एकदा, तुमच्यासमोर तरी, पडदा मिळेल.

जमलं तर याच्या पुढेही जा. नामांकन मिळालेले जे चित्रपट ओटीटीवर आलेत ते पुरस्काराच्या आधी दोन आठवडे महाराष्ट्रात थोड्या गावांमध्ये दाखवा, मुंबई-पुणे सोडून. ओटीटी कंपनीने त्याला परवानगी द्यायची हीसुद्धा प्रवेशिकेची अट करा, त्यांना यात फार काही सोडावं लागत नाही. नाट्यगृहं आहेत, शाळा आहेत, मंगल कार्यालयं आहेत. 2004 मध्ये 'श्वास' ऑस्करला निघाला तेव्हा तिकडच्या प्रचाराचा खर्च झेपावा म्हणून लोकांनी आपल्या खिशातून पैसे दिले होते. ज्या प्रेक्षकाने ते केलं तो कुठे गेलेला नाही, त्याच्या गावातलं थिएटर तेवढं गेलंय.

आमच्या शाळेचा हॉल आहे. सतरंज्या घातल्या की दोनशे माणसं बसतात, प्रोजेक्टर आहे, पडद्यासाठी दहा बाय सोळाचा पांढरा कपडा मी स्वतः शिवून घेतलाय, स्पीकर भजनी मंडळाचे आहेत ते आबा आणून देतील. खिडक्यांना काळे पडदे नाहीत म्हणून शो रात्री साडेसातनंतर ठेवावा लागेल. पुढच्या वर्षीची नियमावली छापायला जायच्या आधी तुमच्यापैकी एखाद्या परीक्षकाने यावं, 'दिठी'ची परवानगी तुम्ही काढा, बाकीचं सगळं आम्ही बघतो. मुक्कामाची सोय घरी होईल. तारीख तेवढी आषाढ सोडून द्या, तेव्हा आबा वारीला गेलेले असतात.

आपला,
एक शिक्षक आणि प्रेक्षक